अणू आणि त्याच्या आतलं जग: सांगली भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तासगाव, विटा, पलूस, मिरज या पट्ट्यात विज्ञानाचा तास संपला की हे प्रश्न हमखास येतात. काही नववी-दहावीच्या मुलांचे आहेत, काही त्यांच्या पालकांचे. द्राक्षबागायतदार आणि गलाईवाले (जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करणारे) जे विचारतात ते पाठाखालच्या स्वाध्यायापेक्षा जास्त खोलात जाणारं असतं, म्हणून त्यांच्या प्रश्नांना इथे जास्त जागा दिली आहे.

अणू म्हणजे नेमकं काय?

सोन्याचा तुकडा घेतला आणि त्याचे तुकडे करत गेलो, तर शेवटी एक कण असा उरतो की तो फोडला तर हाती सोनं राहत नाही. तो सोन्याचा अणू. ज्या पदार्थात एकाच जातीचे अणू असतात ते मूलद्रव्य. आजवर अशी ११८ मूलद्रव्यं माहीत झाली आहेत. वेगवेगळे अणू ठराविक प्रमाणात जोडले गेले की रेणू तयार होतो. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो, मग ते पाणी कृष्णेचं असो की येरळेचं.

इथे मुलांची एक समजूत आधीच दूर केलेली बरी. सोन्याचा एकटा अणू पिवळा नसतो, चकाकत नाही, वितळतही नाही. रंग, चकाकी, वितळणं हे सगळं असंख्य अणू एकत्र आल्यावरचे गुण आहेत. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात पसरले तर ते पाणी लालसर दिसतं.

अणू किती लहान असतो?

सोन्याचे अणू एकाला एक लावून ठेवले तर एक मिलिमीटर रेघ भरायला सुमारे ३५ लाख अणू लागतील. एक ग्रॅम सोन्यात अणूंची संख्या तीनावर एकवीस शून्यं इतकी भरते. मंगळसूत्रातला एक मणी बदलताना कानसीने जो कीस पडतो, त्यातही अब्जावधी अणू असतात.

दिसत नाही तर तो आहे कशावरून?

सगळ्या प्रश्नांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो. 'पुस्तकात लिहिलंय म्हणून' हे त्याचं उत्तर कोणी देऊ नये आणि मुलांनीही ते ऐकून घेऊ नये.

१८२७ साली रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने परागकणांतून निघालेले बारीक कण पाण्यात टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ते कण न थांबता इकडेतिकडे हलत होते. आधी त्याला वाटलं, यात जीव असेल. मग त्याने दगडाची पूड, काचेची पूड घेतली, तरी हालचाल तीच. जीव नसलेला कण हलतो कसा, हे कोडं जवळपास ऐंशी वर्षं सुटलं नाही.

१९०५ मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइनने दाखवून दिलं की पाण्याचे रेणू त्या कणावर सगळ्या बाजूंनी आदळत असतात आणि कोणत्याही क्षणी एका बाजूचे धक्के थोडे जास्त पडतात, म्हणून कण सरकतो. त्याने नुसतं कारण सांगितलं नाही, हिशोब मांडला: एवढ्या वेळात कण सरासरी किती दूर जाईल, आणि त्यावरून रेणूंची संख्या किती निघेल. फ्रान्समध्ये जाँ पेरँ यांनी मोजमाप घेतलं आणि हिशोब जुळला. वेगवेगळ्या पद्धतींनी रेणूंची संख्या काढली तरी आकडा एकमेकांच्या जवळच येत होता. अणू ही निव्वळ सोयीची कल्पना आहे असं म्हणणारे मोठमोठे शास्त्रज्ञ तोवर होते. त्यांतल्या बहुतेकांनी या पुराव्यापुढे माघार घेतली. पेरँ यांना १९२६ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

पुढे १९८१ मध्ये बिनिग आणि रोरर यांनी असा सूक्ष्मदर्शक बनवला की ज्याचं अणकुचीदार टोक पृष्ठभागाच्या अगदी जवळून फिरतं आणि एकेका अणूचा उंचवटा टिपतं. १९८९ मध्ये अशाच यंत्राने झेनॉनचे ३५ अणू एकेक करून सरकवले आणि त्यांनी आयबीएम कंपनीचं नाव लिहिलं. म्हणजे आता अणू मोजता येतात, उचलून ठेवताही येतात.

कणादांनी हे आधीच सांगितलं होतं ना?

पदार्थ अविभाज्य कणांचा बनलेला आहे, हा विचार कणादांच्या वैशेषिक दर्शनात नक्की आहे. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक, आणि झरोक्यातून येणाऱ्या उन्हात तरंगताना दिसणारा धुळीचा कण हा त्र्यणुकाएवढा, अशी मांडणी त्या परंपरेत केली गेली. ग्रीसमध्ये डेमॉक्रिटसनेही अविभाज्य कणांचा विचार मांडला होता.

पण कणादांचे परमाणू पृथ्वी, आप, तेज आणि वायू अशा चार जातींचे आहेत. त्यांत प्रोटॉन (अणूच्या आतला धन प्रभाराचा कण) नाही, अणुअंक (प्रोटॉनची संख्या) नाही, वजन नाही. उन्हात दिसणाऱ्या धुळीच्या बारीकशा कणातसुद्धा कित्येक लाख कोटी अणू असतात. १८०३ पासून जॉन डाल्टन यांनी वेगळी गोष्ट केली: संयुगांमधल्या वजनांच्या प्रमाणावरून अणूंची सापेक्ष वजनं काढली. तिथून हा विचार तपासता येऊ लागला. कणादांचा मोठेपणा त्यांनी जो प्रश्न विचारला त्यात आहे. त्यांनी न सांगितलेल्या गोष्टी त्यांच्या नावावर चढवल्या तर त्यांचा खरा विचार कोणी वाचतच नाही, आणि मला ते जास्त वाईट वाटतं.

अणूच्या आत काय असतं?

मधोमध केंद्रक आणि बाहेर इलेक्ट्रॉन. केंद्रकात धन प्रभाराचे प्रोटॉन आणि प्रभार नसलेले न्यूट्रॉन असतात. इलेक्ट्रॉनवर ऋण प्रभार असतो. प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे १८३६ पट जड असतो, त्यामुळे अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान केंद्रकात एकवटलेलं असतं.

इलेक्ट्रॉन १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी शोधला. केंद्रक मात्र अनपेक्षितपणे सापडलं. मँचेस्टरमध्ये रुदरफर्ड यांच्या हाताखाली गायगर आणि मार्सडेन सोन्याच्या पातळ वर्खावर अल्फा कण, म्हणजे धन प्रभाराचे जड, वेगवान कण, सोडत होते. बहुतेक कण सरळ पार गेले, पण हजारोंत एखादा उलट मागे फिरला. एवढ्या वेगाने आलेला जड कण मागे फिरायचा तर आत कुठेतरी फार लहान जागेत सगळा धन प्रभार आणि वस्तुमान असलं पाहिजे, असा निष्कर्ष रुदरफर्ड यांनी १९११ मध्ये काढला. न्यूट्रॉन सापडायला १९३२ साल उजाडलं. तो जेम्स चॅडविक यांनी शोधला.

आकाराचा अंदाज यावा म्हणून असं समजा: हायड्रोजनच्या अणूचं केंद्रक बेदाण्याएवढं, म्हणजे एक सेंटिमीटरचं, करून सांगलीच्या मार्केट यार्डात ठेवलं, तर त्या अणूची कड सगळ्या बाजूंनी सुमारे तीनशे मीटरवर येईल. त्या सगळ्या जागेत एकच इलेक्ट्रॉन.

हा इलेक्ट्रॉन ठरलेल्या वाटेने गोल फिरतो असं चित्र पुस्तकात असतं. ते नील्स बोर यांच्या १९१३ च्या मांडणीवरून आलं आहे आणि सुरुवातीला समजायला बरं आहे. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनला अशी रेषेसारखी वाट नसते. तो कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढंच सांगता येतं.

एवढी जागा रिकामी, मग हात भिंतीतून आरपार का जात नाही?

हाताच्या अणूंतले इलेक्ट्रॉन आणि भिंतीच्या अणूंतले इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात. शिवाय दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, हा पाउलींचा नियम आहे. घट्टपणा येतो तो यातून.

बोर्डो (द्राक्षावर फवारायचं बुरशीनाशक) तयार करताना विळा बुडवून बघतात. त्यावर तांबूस थर का येतो?

द्राक्षपट्ट्यातल्या बहुतेक घरांत ही परीक्षा माहीत असते. एक टक्क्याच्या बोर्डोला शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. दोन्ही वेगवेगळे भिजवून एकत्र केले की फवारणीआधी घासलेला लोखंडी विळा किंवा सळई त्यात धरतात. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. तसंच फवारलं तर पानं करपतात, म्हणून चुन्याची निवळी अजून घालायची आणि पुन्हा बघायचं.

तो तांबूस थर खरोखरचं तांबं असतं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. पाण्यात विरघळल्यावर त्यातल्या तांब्याच्या अणूंकडे दोन-दोन इलेक्ट्रॉन कमी असतात; अशा प्रभारित अणूला आयन म्हणतात. लोखंड इलेक्ट्रॉन सोडायला तांब्यापेक्षा जास्त तयार असतं. पात्याच्या पृष्ठभागावरचा लोखंडाचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन तांब्याच्या आयनाला मिळतात, त्याचा पुन्हा साधा तांब्याचा अणू होतो आणि तो पात्यावर बसतो. लोखंडाचं तांबं झालेलं नाही. लोखंडाचा अणू पाण्यात गेला आणि त्याच्या जागी तांब्याचा आला.

चुना पुरेसा असला की तांबं न विरघळणाऱ्या निळ्या साक्यात अडकतं, पाण्यात मोकळे आयन जवळजवळ उरत नाहीत, म्हणून विळा लोखंडीच राहतो. मोरचूद लोखंडी पिंपात भिजवू नये असं सांगतात त्याचंही कारण हेच: पिंप झिजतं आणि औषधातलं तांबं पिंपाला चिकटून बसतं.

गलाईत सोनं शुद्ध होतं म्हणजे अणूंचं काय होतं?

विटा, खानापूर, आटपाडी भागातली कुटुंबं गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर पसरली आहेत. त्यांच्या मुलांना हा प्रश्न पडतो आणि तो पडायलाच हवा, कारण घरात रोज चालणारं हे काम रसायनशास्त्राचा उत्तम पाठ आहे.

जुन्या दागिन्यात सोन्याबरोबर तांबं, चांदी मिसळलेली असते. २२ कॅरेट म्हणजे शंभरात ९१.६ भाग सोनं. मुशीत टाकणखार घालून दागिने आटवतात आणि त्यात वरून चांदी घालतात, साधारण सोन्याच्या तिप्पट. सोनं शुद्ध करायचं आणि त्यात चांदी मिसळायची, हे ऐकायला उलटं वाटतं. पण सोन्याचे अणू जास्त असले तर ते आतल्या चांदी-तांब्याभोवती दाटीने बसतात आणि आम्ल आतपर्यंत पोचत नाही. चांदी वाढवली की वाट मोकळी होते.

मग हा रस पाण्यात ओतून त्याचा रवा पाडतात आणि नायट्रिक आम्लात तापवतात. चांदी आणि तांब्याचे अणू इलेक्ट्रॉन सोडून आयन होतात व द्रावात जातात. सोनं या आम्लाला इलेक्ट्रॉन देत नाही, म्हणून ते तळाशी राहतं, पण पिवळं दिसत नाही. तपकिरी भुकटी दिसते. धुऊन पुन्हा आटवली की तिचं पिवळंधमक सोनं. वर जो तांबडा-तपकिरी धूर निघतो तो नायट्रोजन डायऑक्साइड. तो फुप्फुसांना फार घातक आहे. बंद खोलीत हे काम कधीच करू नये, आणि मुलांना त्या खोलीत थांबू देऊ नये.

चांदी वाया जात नाही. उरलेल्या द्रावात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की पट्टीवर चांदी जमते आणि द्राव निळा होत जातो. विळ्यावर जे घडलं तेच इथे घडतं, फक्त पात्रं बदलली: तिथे लोखंडाने तांब्याला इलेक्ट्रॉन दिले, इथे तांबं चांदीला देतं. लोखंड, तांबं, चांदी, सोनं असा तो क्रम आहे. सोनं सगळ्यांत शेवटी, म्हणूनच त्याला गंज चढत नाही.

आटणीत घट येते ती मीना, लाख, मळ आणि इतर धातू निघून गेल्यामुळे. सोन्याचा एकही अणू नाहीसा होत नाही. सोनाराच्या दुकानातली झाडलोटसुद्धा विकत घेऊन तिच्यातून सोनं काढतात, ते या एका नियमाच्या भरवशावर.

दारात येऊन 'दागिने पॉलिश करून देतो' म्हणणारे फसवतात ते कसं?

नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्ल एकत्र केलं की आम्लराज होतं आणि त्यात सोनंही विरघळतं. दागिना त्यात बुडवला की वरचा थर द्रावात जातो, दागिना चकचकीत दिसतो आणि वजन घटतं. ते सोनं त्यांच्या भांड्यात गेलेलं असतं. अशा माणसाला दागिना हातात देऊ नका, शेजारी देत असले तर त्यांनाही थांबवा.

तांब्याचं सोनं करता येईल का?

रासायनिक क्रियेने कधीच नाही. आटवणं, आम्लात टाकणं, फवारणं, जाळणं, शिजवणं या सगळ्यात फक्त बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची देवघेव होते, केंद्रकाला धक्का लागत नाही. तांब्याच्या केंद्रकात २९ प्रोटॉन, सोन्याच्या केंद्रकात ७९. मूलद्रव्य कोणतं हे प्रोटॉनच्या संख्येवरूनच ठरतं.

केंद्रकच बदललं तर मात्र होतं. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत शिशाची केंद्रकं प्रचंड वेगाने एकमेकांजवळून जातात तेव्हा काहींतून तीन प्रोटॉन उडतात आणि ८२ चे ७९ होतात, म्हणजे सोनं. २०१५ ते २०१८ या काळात तिथे असं जे सोनं झालं ते सगळं मिळून २९ पिकोग्रॅम होतं, ग्रॅमच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी, आणि तेही क्षणभरच टिकलं. तेव्हा कोणी किमया करून सोनं वाढवून देतो म्हणाला तर तो खोटं बोलतोय हे खात्रीने समजा.

उसाचं एवढं वजन कुठून येतं? मातीतून?

मातीतून फार थोडं. उसातलं पाणी सोडलं तर उरलेला भाग मुख्यतः कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा असतो, आणि त्यातला कार्बन हवेतून येतो. साखरेच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात. वजनाने जवळजवळ ४२ टक्के कार्बन. हवेत कार्बन डायऑक्साइड अवघा ०.०४ टक्क्यांच्या आसपास, त्यातूनच पानं हा सगळा कार्बन गोळा करतात.

पानं जो ऑक्सिजन सोडतात तो कार्बन डायऑक्साइडमधला की पाण्यातला? दोन्हीकडचे ऑक्सिजन सारखेच दिसतात, मग ओळखायचं कसं? १९४१ मध्ये रुबेन आणि केमेन यांनी समस्थानिकाचा, म्हणजे प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन वेगळे असलेल्या अणूचा, उपयोग केला. ऑक्सिजनच्या नेहमीच्या अणूत ८ प्रोटॉन आणि ८ न्यूट्रॉन असतात. १० न्यूट्रॉन असलेला जड ऑक्सिजनही असतो. प्रोटॉन तेवढेच, म्हणून वागणूक तीच, फक्त वजन जास्त. असा जड ऑक्सिजन असलेलं पाणी वनस्पतींना दिलं, आणि बाहेर पडलेल्या वायूत तोच सापडला. म्हणजे तो पाण्यातला.

मग खताच्या पोत्यावरचे १०:२६:२६ हे आकडे कसले?

जमिनीतून जी थोडी मूलद्रव्यं लागतात त्यांचे. पहिला आकडा नायट्रोजनचा. दुसरा आणि तिसरा मात्र फॉस्फरस व पोटॅशियमची टक्केवारी थेट सांगत नाहीत. ते त्यांच्या ऑक्साइडच्या हिशोबात लिहायची जुनी रीत आहे. ऑक्सिजनचं वजन वगळलं तर २६ मध्ये फॉस्फरस सुमारे ११ टक्के आणि पोटॅशियम सुमारे २२ टक्के. युरियाचा ४६ चा आकडा मुलांनी स्वतः काढून बघावा: रेणूचं वजन ६०, त्यात नायट्रोजनचे दोन अणू, प्रत्येकी १४.

प्रोटॉन आणि न्यूट्रॉनच्या आत काही आहे का?

आहे: क्वार्क. १९६४ मध्ये गेल-मान आणि झ्वाइग यांनी ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली आणि काही वर्षांतच अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या प्रयोगांत प्रोटॉनच्या आत बारीक कण असल्याचा पुरावा मिळाला. प्रोटॉनमध्ये दोन अप आणि एक डाऊन क्वार्क, न्यूट्रॉनमध्ये एक अप आणि दोन डाऊन. एकूण सहा प्रकारचे क्वार्क आहेत. शेवटचा, टॉप, १९९५ मध्ये सापडला. इलेक्ट्रॉनच्या आत मात्र आजवर काहीही आढळलेलं नाही.

यातली एक गोष्ट मला अजूनही थक्क करते. प्रोटॉनमधल्या क्वार्कांची वस्तुमानं एकत्र केली तर ती प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या जेमतेम एक टक्का भरतात. बाकीचं वस्तुमान क्वार्कांच्या गतीतून आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या बलाच्या ऊर्जेतून येतं. तराजूत ठेवलेल्या पोत्याचं वजन बहुतांशी ऊर्जेचं असतं.

कणांच्या दोन मोठ्या कुळांपैकी एकाला बोसॉन म्हणतात, ते सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून. २०१२ मध्ये सर्नला सापडलेला हिग्ज बोसॉन त्याच कुळातला. आणि १९६५ मध्ये कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली खोलवर, वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंच्या (प्रभार नसलेल्या, अतिशय हलक्या कणांच्या) खुणा सापडल्या. त्या प्रयोगात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था होती. हे आपल्याकडच्या मुलांना सांगितलं जात नाही, ते सांगायला हवं.

मोबाइल टॉवरच्या लहरींनी शरीरातले अणू फुटतात का?

नाही. त्या लहरींची ऊर्जा अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायलाही फार अपुरी असते, केंद्रक फोडणं तर दूरच. क्ष-किरणांमध्ये इलेक्ट्रॉन काढण्याइतकी ऊर्जा असते, म्हणून एक्स-रे खोलीत काळजी घेतात.

अणूचं वय किती असतं?

पाण्यातल्या हायड्रोजनची केंद्रकं विश्वाच्या सुरुवातीच्या काळातली, म्हणजे सुमारे १३८० कोटी वर्षांची आहेत. कार्बन, ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात तयार झाले. सोन्याचा उगम कळायला वेळ लागला. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची (मोठ्या ताऱ्यांच्या अतिशय दाट अवशेषांची) टक्कर टिपली गेली आणि अशा टकरींत जड मूलद्रव्यं घडतात याचा पुरावा मिळाला.

घरी करता येईल असा एखादा प्रयोग सांगा.

हळद तर घरात आहेच. हळदीची पेस्ट पांढऱ्या कागदावर लावून वाळवा. साबणाचं पाणी किंवा चुन्याच्या निवळीचा थेंब टाका, कागद तिथे लाल होईल. हळदीला पिवळा रंग देणाऱ्या करक्युमिनच्या रेणूत कार्बनचे २१, हायड्रोजनचे २० आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. साबण किंवा चुना त्यातला हायड्रोजन केंद्रकापुरता, म्हणजे एक प्रोटॉन, काढून घेतो आणि इलेक्ट्रॉन रेणूतच राहतात. एवढ्या बदलाने तो रेणू वेगळा प्रकाश शोषू लागतो. आता त्याच डागावर लिंबू पिळा. लिंबाच्या रसात मोकळे प्रोटॉन भरपूर असतात. ते परत जागेवर जातात आणि डाग पुन्हा पिवळा होतो. चुना हाताळायची मुलांना घाई करू देऊ नका, डोळ्यांत गेला तर इजा होते, साबणाने भागतं. मग दही, खायचा सोडा, राखेचं पाणी, चिंच असं एकेक घेऊन आधी वहीत अंदाज लिहायचा आणि नंतर थेंब टाकायचा.